मालमोटारीच्या मागील भागांतील घरघर

जांबे येथून गुलटेकडीच्या बाजारांत भाजीपाला नेणाऱ्या बागाइतदारास बैल कोणत्या पायानें लंगडतो हें पाहतांच कळतें. पिकअप मोटारीचीही तितकीच ओळख असावी. तिच्या मागील भागांतून सतत घरघर येऊं लागल्यास ती केव्हां बदलते हें आधीं पाहावें.

गाडी उभी ठेवून इंजिन तितक्याच जोरानें फिरवावें. आवाज न आल्यास दोष इंजिनाचा नव्हे. मग पुढील परीक्षा करावी.

(१) खडबडीत रस्ता सोडून गुळगुळीत रस्त्यावर येतांच सूर बदलला, तर टायरांची झीज पाहावी.

(२) डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर पडतो. तेव्हां घरघर वाढल्यास उजव्या चाकाच्या बेअरिंगचा संशय धरावा. उजवीकडे वळतांना वाढल्यास डाव्याचा.

(३) अ‍ॅक्सिलरेटर दाबतांच आवाज वाढला व सोडतांच बदलला, तर क्राउन-पिनियन तपासावें. प्रथम तेथील तेल पाहावें.

(४) ठराविक वेगासच बैठक थरथरली व गाडी निघतांना खट् असा आवाज झाला, तर प्रोपेलर शाफ्टाचे क्रॉस झिजले असावेत.

शेवटीं सपाट जागीं पुढील चाकांस दगड लावून मागील चाक जॅकवर उचलावें व गिअर आणि हातब्रेक सोडून तें हातानें फिरवावें. हातास खरखर लागल्यास बेअरिंग बदलावें. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं कोणीही शिरूं नये.

टायरांचा आवाज कांहीं दिवस चालेल. बेअरिंगचा चालणार नाहीं. तें भर रस्त्यांत अडकलें किंवा चाक निखळलें, तर मालाबरोबर माणसाचाही घात होतो.