ट्रायकोग्रामा आणि त्याच्या शरीरातील जिवाणू

भुसावळ तालुक्यातील वरणगाव आणि तापीकाठचा आसपासचा मुलूख हा काळ्या जमिनीचा व कपाशीचा. ह्या पिकाची सर्वांत कावेबाज वैरीण म्हणजे शेंदरी (गुलाबी) बोंडअळी. २०१७ साली महाराष्ट्रात तिने बीटी कपाशीसही दाद दिली नाही, हे शेतकरी बंधू विसरलेले नाहीत. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पात्यात, फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा ती आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच गाठणे शहाणपणाचे ठरते. हे काम ट्रायकोग्रामा व त्याच्या कुळातील ट्रायकोग्रामाटॉइडिया हे मित्रकीटक करतात.

मित्रकीटकाचे काम

हा कीटक गांधीलमाशीच्या दूरच्या गोतातला. पण लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर. मूर्ती लहान, पण कीर्ती मोठी! मादी पतंगाचे अंडे शोधून त्यात आपले अंडे घालते. तिची अळी आतील द्रव्य खाऊन वाढते, पतंगाचे अंडे काळे पडते आणि सुमारे ८ ते १० दिवसांत बोंडअळीऐवजी मित्रकीटक बाहेर येतो. हे काम केवळ मादीचे आहे. नर अंडी घालीत नाही. त्याचा उपयोग मीलनापुरताच. म्हणून कार्डातून किती कीटक निघाले एवढेच पाहून भागत नाही. त्यांत माद्या किती, हेही पाहावे लागते.

नर कसा व मादी कशी ठरते?

ह्या कीटकांत फलित अंड्यापासून मादी होते आणि अफलित अंड्यापासून नर होतो. मीलन न झालेल्या मादीस साधारणतः नुसते नरच होतात. परंतु ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत मीलनावाचून पिढ्यान्पिढ्या माद्याच निपजतात. हे कोडे बराच काळ सुटले नव्हते.

१९९० साली स्टाउटहॅमर, लक व हॅमिल्टन ह्या शास्त्रज्ञांनी अशा माद्यांना प्रतिजैविक औषध दिले. तेव्हा त्यांच्या संततीत नर दिसू लागले. ३० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत वाढविल्यासही तसाच परिणाम दिसला. औषधाने व उष्णतेने नाहीसा होणारा हा कर्ता म्हणजे ‘वोल्बाकिया’ नावाचा जिवाणू होय. हर्टिग व वोल्बाक यांनी तो १९२४ साली डासांच्या शरीरात प्रथम पाहिला होता.

जिवाणूचा स्वार्थ

वोल्बाकिया कीटकाच्या पेशींच्या आत राहतो. तो आईकडून अंड्यावाटे पुढील पिढीत जातो. बापाकडून जात नाही. नराच्या शरीरात सापडलेल्या जिवाणूचा वंश तेथेच खुंटतो. म्हणून ट्रायकोग्रामात तो अफलित अंड्यातील गुणसूत्रे दुप्पट होतील अशी व्यवस्था करतो आणि नर व्हावयाच्या अंड्यातून मादी निपजते. जिवाणूचा स्वार्थ येथे शेतकऱ्याच्या हिताशी जुळतो.

मात्र हा सौदा फुकट नाही. जिवाणूयुक्त मादी पुष्कळदा जिवाणूरहित मादीपेक्षा कमी संतती देते. एक हिशेब पाहावा. समजा, कार्डावर २०,००० अंडी आहेत व निघालेल्यांपैकी निम्मे नर आहेत. तर कामाच्या माद्या १०,००० च. सर्व माद्याच निघाल्या तर २०,००० होतील. परंतु प्रत्येकीचे काम थोडे कमी भरेल. दोन्ही बाजू तोलूनच वाणाची निवड करावी लागते. भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ट्रायकोग्रामा किलोनिस ही जात सामान्यतः नर-मादी मीलनानेच वाढविली जाते. म्हणून तिच्या कार्डातून काही नर निघाले तर कार्ड वाईट असे समजू नये. नरच नर निघाले, तर मात्र संगोपनात दोष आहे असे समजावे.

काही परोपजीवी कीटकांचे जीवन तर ह्या जिवाणूवाचून चालतच नाही. फळमाशीच्या अळीवर जगणाऱ्या असोबारा टाबिडा ह्या कीटकातील वोल्बाकिया औषधाने नष्ट केला असता मादीच्या उदरात अंडीच तयार होत नाहीत, असे २००१ साली दिसून आले.

शेतावर घ्यावयाची काळजी

१. कामगंध सापळ्यात पतंग दिसू लागताच कार्डे लावावी. कपाशीसाठी हेक्टरी सुमारे दीड लाख परोपजीवी सोडावे. म्हणजे २०,००० अंड्यांची ७ ते ८ कार्डे लागतात. शेंदरी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्रे ही जात मागावी.

२. खानदेशची उष्णता ध्यानात ठेवावी. कार्डे उन्हात, मोटारीच्या टपावर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नयेत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यातून ती आणावी व सकाळी लवकर किंवा सायंकाळी लावावी.

३. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूस टाचाव्या, म्हणजे ऊन-पावसापासून बचाव होतो.

४. कार्डे लावण्याच्या आधी व नंतर काही दिवस विषारी कीटकनाशक फवारू नये. गरजच पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा.

५. कार्डाचा लहानसा तुकडा काचेच्या बाटलीत ठेवून तोंडास बारीक मलमल बांधावी. निघालेले कीटक भिंगाखाली पाहावे. नराच्या मिशांवर लांब केस असतात. मादीच्या मिशा टोकाशी गदेसारख्या असतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मीलन न झालेल्या मादीची संतती सामान्यतः कोणती असते?
२. वोल्बाकियास नरांपेक्षा माद्या का हव्या असतात?
३. आपल्या गावी आलेल्या कार्डातून किती माद्या व किती नर निघाले? त्याची नोंद वहीत करावी व पुढील बैठकीत ती सर्वांपुढे वाचून दाखवावी.