जुन्या वस्तू आणि त्यांत साठविलेली स्मृती

वस्तू जुनी होणे आणि वस्तू मुकी होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या शिळफाट्यावरून खोपोलीतून बोरघाटाकडे चढणारा मुंबई-पुणे रस्ता पाहावा. इ. स. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि लोक ह्यास 'जुना रस्ता' म्हणू लागले. तथापि वाहने त्यावरून आजही धावतात. परंतु घरातील माळ्यावर ट्रंकेत पडलेल्या कॅसेटीची किंवा फ्लॉपीची स्थिती अशी नाही. ती दिसावयास धडधाकट असते, पण बोलत नाही. असे का व्हावे, आणि त्यावर उपाय काय, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

प्रथम खेळण्यांचा विचार करू. सावंतवाडीची लाकडी रंगीत खेळणी, आपल्याकडील भोवरा, विटीदांडू ही आजोबांनी ज्या रीतीने हाताळली त्याच रीतीने नातवासही हाताळता येतात. भोवऱ्यास जाळी लागते व फिरविणारा हात लागतो. अधिक काही नाही. हस्तलिखित पोथीचे थोडेफार असेच आहे. तिला डोळे लागतात, आणि त्या लिपीचे ज्ञान लागते. हे ज्ञान गेले म्हणजे कागद शाबूत असूनही मुका होतो. पेशवे दफ्तरातील असंख्य कागद मोडी लिपीत आहेत. एके काळी गावोगावचे कारकून जी लिपी सहज वाचीत, ती वाचणारे आज मुद्दाम शिकवून तयार करावे लागतात.

आता ध्वनीची साधने घेऊ. ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाजाची रेघ प्रत्यक्ष कोरलेली असते. सुई तीवरून फिरली की आवाज उमटतो. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटीत अशी रेघ नसते. तेथे प्लॅस्टिकच्या अरुंद फितीवर लोहाच्या संयुगाची भुकटी बसविलेली असते, व तिच्या चुंबकत्वात आवाज साठविलेला असतो. तो काढण्यास विशिष्ट यंत्रच हवे. आपल्या कर्जत-खालापूर भागातील पावसाळी दमट हवेत अशा फितीवर बुरशीही धरते.

संगणकाच्या फ्लॉपीचे परावलंबन ह्याहून अधिक. साडेतीन इंचाच्या फ्लॉपीत केवळ १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर मावत असे. सोनी कंपनीने २०११ साली तिची विक्री थांबविली. आजच्या संगणकात 'साठवा' ह्या आज्ञेचे जे चित्र दिसते ते ह्याच फ्लॉपीचे होय. मुलांस चित्र ठाऊक असते, वस्तू ठाऊक नसते. ती वाचण्यास प्रथम तिचे यंत्र हवे, मग ते यंत्र चालविणारा संगणक हवा, आणि मग तो लेख उघडणारी प्रणाली हवी. ह्या साखळीतील एक कडी तुटली तरी सारे व्यर्थ होय.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत टंकित करीत. त्यांपैकी पुष्कळांत संगणकाच्या पोटी रोमन अक्षरांचे क्रमांकच साठविले जात. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा वेष चढवी. तो फॉन्ट नाहीसा झाला की पत्राच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक असल्याने हा घोटाळा होत नाही.

मग स्मृती टिकते कशाने? ह्याचे उत्तर आमच्या मते एका जुन्या ग्रंथाच्या इतिहासात सापडते. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने गोव्यात राहून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र उरला, कारण भाविकांनी तो हाताने उतरून घेतला, उतरलेल्यावरून पुन्हा उतरला, आणि तो वाचीत राहिले. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. छापखान्याने जे रक्षिले नाही ते नकल करणाऱ्या अनाम हातांनी रक्षिले.

तेव्हा पालकांस आमची विनंती आहे की, घरात आजीचा आवाज असलेली कॅसेट, लग्नाची व्हिडिओ फीत किंवा जुन्या फॉन्टातील पत्रे असतील, तर त्यांची नकल आताच करून घ्यावी. फितीवर बुरशी दिसल्यास ती घरच्या यंत्रात घालू नये. जाणत्या माणसाकडे द्यावी. नकल झाली म्हणजे कोणाचा आवाज, कोठला प्रसंग, कोणते साल, हे सोबत लिहून ठेवावे. कारण नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांनी परका होतो. दोन प्रती दोन निराळ्या घरी ठेवाव्यात. पेनड्राइव्हवरही निर्धास्त विसंबू नये; तोही वर्षानुवर्षे तसाच पडून राहिल्यास त्यातील मजकूर नष्ट होऊ शकतो. काही वर्षांनी नव्या साधनावर पुन्हा नकल करावी.

विद्यार्थ्यांनो, हे काम तुमचे आहे. तुमच्या वडिलांस कॅसेट ठाऊक आहे व तुम्हांस नवे यंत्र ठाऊक आहे. दोघे एकत्र बसलात तरच ते पार पडेल. आणि ते करण्यास हीच वेळ आहे, कारण 'हा कोणाचा आवाज?' ह्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे अद्याप घरात आहेत.

जुन्या वस्तूंविषयी हळहळणे सोपे आहे. पण शुभवर्तमानातील त्या चाकराची गोष्ट आपणांस ठाऊक आहे, ज्याने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेविले. त्याने ते हरविले नव्हते, तरीही धन्याने त्यास दोष दिला. ट्रंकेत पुरलेली स्मृती अशीच आहे. ती बाहेर काढावी, ऐकावी, उतरून घ्यावी आणि पुढच्याच्या हाती द्यावी. हेच तिचे खरे जतन होय.