दहा मिनिटांचे वाचन : जपानची मुले आणि आपली मुले



गेल्या पालकसभेत एका पालकांनी आम्हाला सरळच विचारले, "सर, मुले वाचत नाहीत हे तर जगभर चालले आहे. मग एकट्या आपल्या शाळेने काय करायचे?" त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. जगभर म्हणजे नेमके कुठे? सगळीकडे सारखेच चालले आहे काय? आणि कुठल्या शाळेने यावर काही करून पाहिले आहे काय? सुट्टीत आम्ही याची थोडी माहिती जमवली. ती आपल्यापुढे ठेवत आहोत, कारण येत्या सत्रात शाळेच्या वेळापत्रकात एक बदल करण्याचा विचार आहे आणि त्याला आपली संमती हवी आहे.

त्या पालकांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना सरकारी चाचणीच्या वेळी एक साधा प्रश्न अनेक वर्षे विचारला जातो : तू स्वतःच्या आवडीने, मौज म्हणून किती वेळा वाचतोस? १९८४ साली १०० पैकी ३५ मुलांनी 'जवळजवळ रोज' असे उत्तर दिले होते. २०१२ मध्ये ही संख्या २७ झाली आणि २०२३ मध्ये अवघी १४. 'कधीच नाही किंवा क्वचितच' म्हणणारी मुले १९८४ मध्ये ८ होती, ती २०२३ मध्ये ३१ झाली. हे वाचताना आम्हाला वडोदऱ्याची आठवण झाली. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून मुद्दाम बोलावून घेतले आणि आपल्या संस्थानात वाचनालयांचे जाळे उभे केले. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत. ज्या देशाकडून महाराजांनी ही विद्या आणली, त्या देशातल्या मुलांची आज ही गत आहे!

इंग्लंडकडची बातमीही चांगली नाही. तिथे नॅशनल लिटरसी ट्रस्ट ही संस्था २००५ पासून ८ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी करते. सुरुवातीला निम्म्याहून थोडी अधिक मुले 'रिकाम्या वेळी वाचायला आवडते' असे म्हणत. २०२५ मध्ये तीनातले एकच मूल तसे म्हणाले. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय परीक्षा अनेक देशांत होते. तिच्यात सधन देशांतील ३६ टक्के मुलांनी २००० साली 'मी नाइलाज असेल तरच वाचतो' या वाक्याला होकार दिला होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ४९ टक्के झाले.

फिनलंडचे नाव आपण शिक्षणाच्या प्रत्येक भाषणात ऐकतो. २००० च्या पिसा परीक्षेत वाचनात हा देश ५४६ गुण घेऊन पहिला आला, तेव्हापासून हे सुरू झाले. तिथे गावोगावी सार्वजनिक वाचनालय आहे. परदेशी चित्रपट आणि मालिकांना सहसा फिनिश आवाज देत नाहीत, खाली फिनिश अक्षरे धावतात, त्यामुळे दूरदर्शन बघतानासुद्धा मूल वाचत असते. तरीही २०२२ मध्ये त्यांचे गुण ४९० वर आले. आईसलंडमध्ये तर नाताळच्या आधी नव्या पुस्तकांची यादी निघते आणि सणाला पुस्तक भेट देण्याची पद्धत आहे, जवळजवळ आपल्या दिवाळी अंकांसारखीच. तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचनातले गुण २०१८ मध्ये ४७४ होते, ते चारच वर्षांत ४३६ झाले. म्हणजे घरात पुस्तक आले की मूल ते वाचतेच, असे नाही.

फिनलंडविषयी आणखी एक गोष्ट आपल्या समाजासाठी सांगण्याजोगी आहे. तिथे सुमारे ५ टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश आहे. चहूकडे फिनिश भाषा, तरीही त्यांच्या मुलांना बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत स्वीडिशमधून शिकता येते. आपल्यासारखेच ते पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेले लोक. त्यांच्या मागे कायद्याचे बळ आहे. आपल्या मागे हे पत्रक, विश्वस्त मंडळ आणि तुम्ही आहात.

आता जपान. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आम्हाला जे करायचे आहे ते तिथूनच घेतले आहे.

जपानमध्ये माइनिची हे वृत्तपत्र आणि शालेय ग्रंथालयांची राष्ट्रीय संघटना यांनी मिळून अनेक दशके मुलांच्या वाचनाची पाहणी केली. प्रश्न एकच : गेल्या मे महिन्यात तू किती पुस्तके वाचलीस? पाठ्यपुस्तके, चित्रकथा आणि मासिके यात धरत नाहीत. २००० साली माध्यमिक शाळेतल्या, म्हणजे आपल्या सातवी ते नववीच्या वयाच्या, १०० पैकी ४३ मुलांनी 'एकही नाही' असे उत्तर दिले. त्याहून मोठ्या, दहावी ते बारावीच्या मुलांत हेच उत्तर देणारी सुमारे ५९ होती. लक्षात घ्या, ही २००० सालची गोष्ट आहे. तेव्हा आजचा स्मार्टफोन कोणाच्याही खिशात नव्हता. आम्हीसुद्धा पालकसभेत सगळा दोष मोबाईलवर ढकलतो. ते सोपे पडते, पण पूर्ण खरे नाही.

याच्या बारा वर्षे आधी, १९८८ मध्ये, तोक्योजवळच्या चिबा प्रांतातील फुनाबाशी येथील मुलींच्या एका हायस्कूलमध्ये हिरोशी हायाशी आणि एमिको ओत्सुका या दोन शिक्षकांनी एक उपक्रम सुरू केला. हायाशी यांनी जिम ट्रिलीज या अमेरिकन लेखकाचे, मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याविषयीचे पुस्तक वाचले होते. त्यातून त्यांना कल्पना सुचली. रोज सकाळी पहिला तास सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे सगळ्यांनी आपापले पुस्तक वाचायचे, बस्स. नियम चारच होते. सगळ्यांनी वाचायचे, शिक्षकांनीसुद्धा. रोज वाचायचे. पुस्तक आपल्या आवडीचे घ्यायचे. आणि फक्त वाचायचे. वाचून झाल्यावर काही लिहायचे नाही, कोणी काही विचारायचे नाही, गुण द्यायचे नाहीत.

या चौथ्या नियमापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कारण आमची चूक नेमकी तिथेच झाली होती. तीन वर्षांपूर्वी आम्हीच शाळेत 'वाचन-वही' सुरू केली होती. प्रत्येक पुस्तक वाचल्यावर लेखकाचे नाव, सारांश, आवडलेले पात्र आणि मिळालेली शिकवण लिहायची आणि बाईंची सही घ्यायची. हेतू चांगला होता. झाले असे की एका हुशार मुलीच्या वहीवरून अर्धा वर्ग उतरवून घेऊ लागला. 'मिळालेली शिकवण' तर सगळ्यांची शब्दशः एकच! ग्रंथपाल बाई आम्हाला दबक्या आवाजात सांगत होत्या की मुले आता सर्वांत पातळ पुस्तक कोणते ते विचारतात. आम्ही ऐकले नाही. आज ग्रंथालयाचे रजिस्टर उघडले तर नववी-दहावीच्या पानांवर रकानेच्या रकाने कोरे दिसतात. जी दोन-चार मुले आपखुशीने वाचत होती, त्यांनाही आम्ही कंटाळा आणला. ती वही आता बंद केली आहे.

जपानमध्ये हा उपक्रम एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पसरत गेला. २००१ मध्ये तिथल्या संसदेने मुलांच्या वाचनासाठी कायदा केला आणि २३ एप्रिल हा मुलांचा वाचनदिन ठरवला. सकाळचे वाचन वीस हजारांहून अधिक शाळांत पोहोचले. २०१९ च्या पाहणीत माध्यमिक शाळेत 'एकही पुस्तक नाही' म्हणणारी मुले ४३ वरून साडेबारावर आली होती. मधल्या काळात स्मार्टफोन येऊनसुद्धा! याचे सगळे श्रेय त्या दहा मिनिटांना देणे बरोबर होणार नाही. कायदा झाला, शाळांच्या ग्रंथालयांकडे लक्ष गेले, हेही आहेच. पण ज्या वयात मुले वाचन सोडतात असे आपण धरून चालतो, त्याच वयात हे घडले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहावी ते बारावीच्या मुलांत २०१९ मध्येही न वाचणारी ५५ टक्के होती. म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. त्या वर्गांत सकाळचे वाचन कमी शाळांत चालते आणि विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचे ओझे असते. आपल्याकडे हे ओझे आठवीपासूनच सुरू होते. शाळा सुटली की कोचिंग, कोचिंगहून आले की गृहपाठ. घरी दहा मिनिटे काढा असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांची चेष्टा करणे होईल. म्हणून ती दहा मिनिटे शाळेनेच दिली पाहिजेत असे आमचे मत झाले आहे.

मराठीच वाचायचे का, हा प्रश्न येईलच. आपली मुले हिंदी भराभर वाचतात आणि मराठी अडखळत. यात त्यांचा दोष नाही. आमचे स्वतःचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी बोलत होतो, पण मराठी पुस्तक सलग वाचले ते कॉलेजात गेल्यावर, शेजारच्या काकूंकडे पडलेले जुने दिवाळी अंक चाळता चाळता. पहिल्या काही पानांवर फार त्रास झाला, पुढे गाडी रुळावर आली. लिपी एकच असल्यामुळे हा अडथळा वाटतो तितका मोठा नाही. रोज थोडे डोळ्यांखालून गेले की शब्द ओळखीचे होतात. तरीही सक्ती करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. आवडीचे पुस्तक म्हणजे आवडीचे. हिंदी चालेल, इंग्रजी चालेल. मराठी पुस्तके मात्र हाताशी असतील, वर्गातच, उघड्या फळीवर. फास्टर फेणेच्या गोष्टी आहेत, श्यामची आई आहे, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. ही सगळी पुस्तके आतापर्यंत कुलूपबंद काचेच्या कपाटात होती आणि पाहुणे आले की आम्ही ती अभिमानाने दाखवत होतो.

ठरवलेली योजना अशी. सहावी ते दहावी, रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटे. पहिल्या चार तासिकांतून प्रत्येकी अडीच मिनिटे कमी होतील. गणिताच्या सरांनी यावर हरकत घेतली आहे आणि ती गैरवाजवी नाही. अर्धवार्षिक परीक्षेनंतर त्यांच्यासह सर्व शिक्षकांबरोबर बसून आढावा घेऊ. दहावीच्या पालकांपैकी कोणाला आपल्या पाल्याने त्या वेळात अभ्यासच करावा असे वाटत असेल, तर त्यांनी आम्हाला येऊन भेटावे. आम्ही समजावण्याचा प्रयत्न करू, जबरदस्ती करणार नाही. शिक्षक, कार्यालयातील मंडळी आणि आम्ही स्वतः त्या वेळी पुस्तक घेऊन बसू. फोन आला तर उचलला जाणार नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी की प्रत्येक वर्गात एक उघडी फळी बसवण्याचा खर्च मंजूर करावा. पुस्तके हरवतील, फाटतील. तेही त्याच खर्चात धरावे.

आणि पालकांनो, माळ्यावर जुने दिवाळी अंक, गोष्टींची पुस्तके, आजोबांच्या संग्रहातले काही असेल तर शाळेत पाठवा. वाळवी लागलेले मात्र नको. पुस्तके कार्यालयात रोज सकाळी अकरापर्यंत घेतली जातील.