रक्तदाबाच्या गोळ्या परत मागविल्या असता काय करावे

रक्तदाब वाढला असता मनुष्यास बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून ‘त्या गोळ्यांत विष निघाले, कंपनीने त्या परत मागविल्या’ अशी वार्ता लोहाऱ्याच्या बाजारातून माकणी-जेवळीस पोहोचली म्हणजे घरातील वृद्ध मनुष्य गोळ्या केरात टाकतो. आठ दिवस त्यास बरेच वाटते. परंतु आत दाब वाढत असतो, आणि एखाद्या सकाळी तोंड वाकडे होऊन हात उचलेनासा होतो. हा अनर्थ टळावा म्हणून आम्ही हे लिहीत आहो.

खरी हकीगत अशी. जुलै २०१८ मध्ये वाल्सार्टन नामक औषधात एनडीएमए हे अशुद्ध द्रव्य सापडले. चीनमधील झेजियांग ह्वाहाई कारखान्याने औषध करण्याची रीत बदलली, त्यातून ते उत्पन्न झाले. त्याने मनुष्यास कर्करोग होण्याचा संभव आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या मुंबईच्या ल्युपिन कंपनीनेही अमेरिकेत विकलेल्या इर्बेसार्टनच्या गोळ्या तशाच जातीच्या द्रव्याच्या शंकेवरून परत बोलाविल्या.

आता भय किती? अमेरिकेच्या औषध खात्याचा हिशेब असा की, ८,००० माणसांनी दूषित वाल्सार्टन सर्वांत मोठ्या मात्रेने, म्हणजे ३२० मिलिग्रॅम, चार वर्षे रोज घेतले, तर त्या सर्वांच्या उभ्या आयुष्यात मिळून कर्करोगाचा एक रोगी अधिक होईल. औषध एकाएकी सोडण्याचे भय ह्याहून पुष्कळ जवळचे आहे. म्हणूनच दुसरे औषध हाती येईपर्यंत चालू गोळी सोडू नये, असेच त्या खात्याने रोग्यांस सांगितले.

शिवाय सर्व गोळ्या एका जातीच्या नसतात. नुसती अ‍ॅम्लोडिपीन घेणाऱ्यास ह्या वार्तेशी काही कर्तव्य नव्हते. एकाच औषधाच्याही काही बॅचच परत मागविल्या जातात. तेव्हा बॅच नंबर पाहिल्यावाचून काही कळावयाचे नाही. येथेच आपल्याकडे घोटाळा होतो. दुकानदार पाकिटातील चार गोळ्या कापून देतो आणि नंबर त्याच्याच तुकड्यावर राहतो! ह्यास्तव पावती मागून घ्यावी व तीवर नंबर आहे की नाही हे पाहावे. ज्यास वाचता येत नाही त्यास उपदेशक बंधूंनी वाचून दाखवावे. सरकारी गोळी असल्यास आशाताईस विचारावे.

नंबर जुळला, तर पाकीट व पावती घेऊन लोहाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. ते बदली गोळी देतील. शेजाऱ्याची गोळी मात्र उसनी घेऊ नये. विशेषतः गरोदर स्त्रीस सार्टन जातीची गोळी कधीही देऊ नये, तीपासून गर्भास अपाय होतो. नवी गोळी मिळाल्यावर जुन्या गोळ्या दुकानदारास परत कराव्या. उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नयेत. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.