'व इतर' म्हणजे कोण? (डेटाबेस डिझाइन आणि आमचा सातबारा)

गेल्या सेमिस्टरला मी एनपीटेलचा 'डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम' हा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. कोर्स आयआयटी खरगपूरचा, शिकवतात प्रा. पार्थप्रतिम दास. खरं सांगायचं तर मी तो सर्टिफिकेटसाठी घेतला होता, हॉस्टेलमधल्या निम्म्या मुली घेतात तसाच. बुधवारी रात्री अकराला असाइनमेंट उघडायची, रूममेटला हलवून उठवायचं आणि बारा वाजायच्या आत सबमिट मारायचं. आठपैकी चांगल्या सहा असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के. म्हणजे रूममेटच्या जिवावर फार लांब जाता येत नाही, हे लक्षात आलं तेव्हा नॉर्मलायझेशन सुरू झालेलं होतं.

कोर्स सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांच्या पुस्तकावर चालतो (यातले सुदर्शन आपल्या आयआयटी मुंबईचे). पुस्तकात सगळीकडे एक विद्यापीठ आहे. त्यात इन्स्ट्रक्टर, डिपार्टमेंट, स्टुडंट असे तक्ते. वाचताना सगळं कळतं आणि पुस्तक मिटलं की काही आठवत नाही, कारण त्या इन्स्ट्रक्टरशी आपलं काही देणंघेणं नसतं. मला हा विषय कळला तो आमच्या काकांच्या वहीमुळे, म्हणून त्या वहीवरच लिहिते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आमची जमीन जुन्नर-आंबेगावच्या शिवेवर आहे. आजोबांनी स्वतः घेतलेले दोन गट. काका शेती बघतात. त्यांच्या वहीत प्रत्येक पानावर गट, गाव, तालुका, क्षेत्र, मालक, पीक, आणि नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला किती क्रेट गेले, असं सगळं एकाच ओळीत. सुट्टीत ते म्हणाले, "एवढं शिकतेस तर हे कम्प्युटरवर टाक की." मी म्हटलं, दोन तासांचं काम आहे. त्याला दोन महिने लागले.

पहिला अडथळा 'मालक' या रकान्यातच. तिथे आजीचं नाव आणि पुढे 'व इतर'. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलचा लेख लिहिला. त्यातून आलेला पहिला नियम असा की एका घरात एकच किंमत. यालाच फर्स्ट नॉर्मल फॉर्म म्हणतात. चार नावं स्वल्पविराम देऊन एका घरात कोंबली की तो मोडतो. 'व इतर' तर त्याहून वाईट, कारण ती किंमतच नाही. मी काकांना विचारलं, इतर म्हणजे कोण? ते म्हणाले, "अगं, आपणच सगळे." संगणकाला 'आपणच सगळे' समजत नाही.

मग लक्षात आलं की एका गटाचे अनेक खातेदार असतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असतात. कोर्समध्ये याला मेनी टू मेनी नातं म्हणतात. ते दोन तक्त्यांत मावत नाही, मध्ये तिसरा तक्ता लागतो. म्हणून मी एक 'गट' तक्ता केला, एक 'व्यक्ती' तक्ता केला आणि मध्ये 'हिस्सा'. हिस्साच्या प्रत्येक ओळीत कोणता गट, कोणती व्यक्ती आणि किती भाग. गंमत म्हणजे आपल्या महसुली दप्तरात ही वाटणी कागदावर आधीपासून आहे. गाव नमुना ७ म्हणजे गटावर कोणाचा हक्क, नमुना १२ म्हणजे त्यात कोणतं पीक (दोन्ही मिळून आपला सातबारा), नमुना ८अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन, आणि नमुना ६ म्हणजे फेरफार, हक्क कधी आणि कशाने बदलला त्याची नोंद. सातबारा गटाकडून बघायचा, आठ-अ माणसाकडून. माहिती एकच, क्वेरी दोन. हे कळल्यावर मला जॉन्स कळले.

आणखी मागे जायचं तर जुन्नरच्या लेण्यांमधल्या ब्राह्मी लेखांतही दान दिलेल्या शेतांची नोंद आहे: कोणी दिलं, कोणत्या गावात, किती निवर्तन. दोन हजार वर्षांपूर्वीचे रकाने! फक्त तिथे अपडेट मारायची सोय नव्हती. असो.

आता प्रायमरी की. ओळ नेमकी ओळखू येईल असा रकाना म्हणजे की. मी गावासाठी गावाचं नावच की म्हणून घेतलं आणि लगेच तोंडावर पडले. आंबेगाव हे तालुक्याचं नाव. पण तालुक्याचं ठिकाण घोडेगाव. मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं (त्या जलाशयाला तालुक्याच्याच हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे). आणि इकडे पुण्यात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक वेगळंच. एका नावामागे इतक्या गोष्टी. म्हणून नाव की म्हणून घ्यायचं नाही, गावाला कोड द्यायचा. माणसांचंही तेच. आमच्याकडे आजोबांचंच नाव चुलतभावाला ठेवलंय. आणि आत्यांची नावं लग्नानंतर बदलली, म्हणजे नाव की धरलं तर एकेक आत्या दोन व्यक्ती होणार. प्रत्येकाला एक नंबर दिला आणि नाव साधा रकाना केला.

सेकंड नॉर्मल फॉर्म मी चुकूनच शिकले. 'हिस्सा' तक्त्यात सोयीसाठी मी गटाचं क्षेत्रही लिहून ठेवलं होतं. या तक्त्याची की दोन रकान्यांची आहे, गट आणि व्यक्ती. पण क्षेत्र ठरतं ते फक्त गटावरून, व्यक्तीशी त्याचा संबंध नाही. कीच्या अर्ध्या भागावर अवलंबून असलेली गोष्ट त्या तक्त्यात ठेवायची नाही, एवढाच तो नियम. नाही पाळला तर? पुणे-नाशिक रस्त्याच्या रुंदीकरणात थोडी जमीन गेली असं समजा. पाच वारसांच्या पाच ओळींत क्षेत्र बदलावं लागेल. चारच बदलल्या आणि पाचवी राहिली की एकाच गटाची दोन क्षेत्रं. यालाच अपडेट अ‍ॅनॉमली म्हणतात. व्हायवाला हा शब्द पाठ करून जाण्यापेक्षा हे उदाहरण सांगा.

थर्ड नॉर्मल फॉर्म पटकन झाला. गटावरून गाव कळतं, गावावरून तालुका कळतो. मग गटाच्या तक्त्यात तालुका कशाला? तो गावाच्या तक्त्यात ठेवला. पिकांचा तक्ता वेगळा केला, त्यात गट, वर्ष, हंगाम आणि पीक मिळून की, कारण आमच्याकडे एकाच हंगामात कांदा आणि कोथिंबीर शेजारी असतात. पीक नोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर फोटोसह करायची असते (ई-पीक पाहणी, १५ ऑगस्ट २०२१ पासून), तेव्हा काकांनाही या तक्त्याचे रकाने ओळखीचे वाटले.

राहिला हिस्सा. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. जमीन स्वकष्टाची, त्यामुळे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आजी, दोन मुलगे आणि दोन मुली यांना सारखा वाटा, प्रत्येकी १/५. मी अंश आणि छेद असे दोन रकाने केले. दशांशात ठेवलं तर १/३ कधीच पुरता लिहिता येत नाही आणि बेरीज एकला येऊन मिळत नाही. आता एका गटाच्या सगळ्या हिश्शांची बेरीज एकच आली पाहिजे. हा नियम साध्या चेक कन्स्ट्रेंटने घालता येत नाही, कारण तो एकेक ओळ बघतो आणि इथे अनेक ओळी मिळून हिशोब आहे. त्याला ट्रिगर लागतो, नाहीतर ग्रुप बाय करून हॅविंगने 'ज्यांची बेरीज एक नाही ते गट दाखव' अशी क्वेरी लिहायची. मी दुसरा मार्ग घेतला, कारण ट्रिगर मला तेव्हा येत नव्हता.

नावं काकांच्या वहीतून न घेता मी दोन्ही गटांचे डिजिटल सहीचे सातबारे काढून, त्यांवरून बघून भरली. क्वेरी चालवली. काहीच यायला नको होतं. एक ओळ आली. दुसरा गट, बेरीज ४/५.

मला वाटलं माझीच टायपिंगची चूक. दोनदा तपासलं. पहिल्या सातबाऱ्यावर पाच नावं होती, दुसऱ्यावर चार. धाकट्या आत्याचं नाव नव्हतं. पप्पांनी कपाटातून वारसाच्या फेरफाराची नक्कल काढली, त्यात दोन्ही गट आणि पाचही नावं होती. म्हणजे नोंद मंजूर झाली होती, पण एका गटावर ती पूर्ण उतरली नव्हती. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली आणि एका ठिकाणी राहून गेली. ते कोणत्या टप्प्यावर गळलं हे आता कोणालाच सांगता येत नाही, आणि इतकी वर्षं आमच्या घरातही कोणी बघितलं नाही. 'व इतर'मध्ये सगळे आहेत असं प्रत्येकाने धरून चाललं होतं.

आत्या ओतूरला असते. तिला फोन केला तर ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला एकदा शंका आली होती गं. पण भावांना कसं विचारायचं?" फोन स्पीकरवर होता आणि काका शेजारीच बसले होते. ते उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच फेरफाराची झेरॉक्स काढून आणली.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करून मागता येते. तो अर्ज दिलाय, त्यावर पप्पा, काका आणि मोठी आत्या तिघांच्या सह्या आहेत, आणि आजीचा अंगठा. माझ्या तक्त्यात धाकट्या आत्याची ओळ मी अजून भरलेली नाही. सातबाऱ्यावर नाव येईल त्या दिवशी भरणार. तोपर्यंत क्वेरी चालवली की ४/५ येतं.