बंबावर माणसं किती?

फायरमन म्हणून महापालिकेत लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं संघटनेच्या वतीनं वाटाघाटींना बसलो. दलात येणाऱ्या पोरांसाठी आणि नव्या नगरसेवकांसाठी हे चार अनुभवाचे बोल.

१. मंजूर पदं नव्हे, पाळीवरची माणसं मोजा. एका बंबावर ६ जण हवेत. ३ पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी धरली की त्यासाठी २१ माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर २५ च्या आसपास. ‘सहाच्या जागी पंचवीस कशाला?’ असं लेखा विभाग विचारतोच. हा गुणाकार कागदावर मांडून सोबत न्यावा. आणि नगरसेवकांनी आकृतिबंधाआधी काल रात्रीचं हजेरीपुस्तक मागवावं.

२. तीन माणसांत आग कशी लढली जाते, हे सभागृहात सांगायला लाजू नका. वर्दी येते, बंब निघतो. चालक पंपापाशी अडकतो, त्याला तिथून हलता येत नाही. धुरात एकट्यानं शिरायचं नसतं, म्हणून उरलेले दोघं श्वसनयंत्र चढवून आत जातात. एकाच्या हातात ब्रांच, दुसरा मागून होज ओढतो. मग आत कोण गेलं, किती वाजता गेलं, हवा किती उरली हे बाहेर उभं राहून पाहणार कोण? सिलिंडर ४५ मिनिटांचा म्हणतात, पण जिना चढून, दार फोडून दमलेला माणूस ती हवा फार लवकर संपवतो. आतला कोसळला तर त्याला काढायला जाणारं कुणी शिल्लक नसतं. मी हे बोलायला लागलो की बैठकीत शांतता पसरायची. आकडेवारीनं जे होत नसे, ते यानं व्हायचं.

३. नवा बंब मिळणं सोपं, माणूस मिळणं अवघड. पंधराव्या वित्त आयोगानं देशातल्या अग्निशमन सेवांच्या बळकटीसाठी ५,००० कोटींची शिफारस केली. चांगलंच झालं. पण अशा निधीतून गाड्या, शिड्या, इमारती येतात. पगार पालिकेच्या महसुली खर्चातून जातो. तिथे आस्थापना खर्चाची ३५ टक्क्यांची मर्यादा आडवी येते आणि भरतीचा प्रस्ताव मंत्रालयात अडकतो. म्हणून गाडीच्या प्रस्तावासोबतच तिच्यावरच्या पदांचा प्रस्ताव जोडा. चालकाविना केंद्रात उभ्या राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

४. पालिकेच्या संघटनेत आपण मूठभर असतो. सफाई, पाणीपुरवठा, आरोग्य यांची संख्या मोठी, त्यामुळे मागणीपत्रात दिवाळीचं सानुग्रह अनुदान आणि वेतनश्रेणी वर राहते. ते रास्तच आहे. पण प्रत्येक बंबावर किमान किती माणसं, हे कलम आपणच आग्रहानं घालायचं. त्यापुढे अंमलाची तारीखही लिहून घ्यायची. संपाची भीती घालून काही मिळत नाही; मेस्मा लागतोच, आणि जळत्या घराकडे पाठ फिरवणारा फायरमन मला तरी कुठे भेटला नाही.

५. अतिकालिक भत्त्यावर खूश राहू नका. सलग दुसरी पाळी करणाऱ्याला पैसे मिळतात, पण पालिकेला रिकामी जागा भरायचं कारण उरत नाही.

६. मागणी डिसेंबरात करा. १४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतो. पाहुणे मनापासून बोलतात, डोळे भरून येतात. पण तोवर नव्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर झालेलं असतं.

७. निवृत्ती कुणालाही अचानक गाठत नाही. जन्मतारीख सेवापुस्तकात असते, त्यामुळे पुढच्या पाच वर्षांत कोण जाणार याची यादी एका दुपारी तयार होते. जाहिरात, मैदानी चाचणी, बिंदुनामावली, मग सहा महिन्यांचं प्रशिक्षण, यात वर्ष सहज जातं. ती जागा भरेपर्यंत कंत्राटी पोरगा येतो. त्याच धुरात जातो, त्याच जिन्यावर चढतो. त्याचा विमा, त्याचं प्रशिक्षण आणि जखमी झाल्यास उपचाराची जबाबदारी निविदेत स्पष्ट लिहिली आहे का, हे कायम नोकरीवाल्यांच्या संघटनेनंच तपासायला हवं. त्याच्या बाजूनं बोलायला त्या बैठकीत दुसरं कुणी नसतं.