तेशिमा : कलाकृती आणि तिची भूमी

जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातील तेशिमा बेटावर मी एकटाच दिवसभर हिंडलो. नावाचा अर्थ ‘समृद्ध बेट’. परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० पर्यंत येथे कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा टाकला जात होता. रहिवाशांच्या दीर्घ लढ्यानंतर २००० साली समेट झाला आणि पुढे सुमारे ९ लाख टन कचरा व दूषित माती बेटाबाहेर नेण्यात आली.

कारातो गावालगतचे कलासंग्रहालय २०१० चे. वास्तुरचना र्‍यूए निशिझावा यांची, कलाकृती रेई नाइतो यांची. काँक्रीटच्या विशाल कवचाला खांब एकही नाही. छतातील दोन मोकळ्या तोंडांतून ऊन, वारा, पाऊस आत येतो. जमिनीतून पाण्याचे थेंब पाझरतात, घरंगळतात, एकमेकांस मिळतात. भिंतीवर एकही चित्र नाही, तरी माझा पाय तेथून निघेना.

दुपारी ‘शिमा किचन’मध्ये जेवलो. जुन्या घरातील या भोजनगृहात गावातील स्त्रिया बेटावरच्या भाज्या व मासळी रांधतात. संग्रहालयाभोवतीची पडीक भातखाचरेही गावकऱ्यांच्या श्रमांनी पुन्हा पिकू लागली आहेत.

कचरा कलेने हटला नाही. तो रहिवाशांच्या चिकाटीने हटला. मात्र बदनाम झालेल्या भूमीतील पाणी आणि अन्न यांच्याकडे पुन्हा आदराने पाहावयास कलेने शिकवले. म्हणून कलाकृती अभ्यासताना तिच्याखालची जमीनही अभ्यासावी, असे मला वाटते.